झाड काढायचे की छाटायचे? कामगाराचा कल ओळखून काम कसे सोपवावे

घराशेजारच्या निंबाची फांदी छपरावर आली, किंवा बांधावरच्या बाभळीचा वसवा, म्हणजे पिकाची वाढ रोखणारी सावली, कपाशीवर पडू लागला, की खान्देशात बहुधा एकच गोष्ट घडते. ओळखीतल्या कोणाला तरी विचारून झाडे तोडणाऱ्या माणसाला बोलावले जाते, तो झाडाकडे पाहतो, आणि मालक त्यालाच विचारतो, "काय करायचे, तुम्हीच सांगा." या प्रश्नाला मिळणारे उत्तर झाडाच्या प्रकृतीवर जितके अवलंबून असते, तितकेच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, त्या माणसाची कमाई कशातून होते यावर अवलंबून असते. ही त्या कामगाराविरुद्धची तक्रार नव्हे. झाडावर चढून करवत चालवणे हे जिवावरचे काम आहे, आणि ते करणाऱ्याने आपल्या पोटाचा हिशेब मनात ठेवला तर त्यात वावगे काही नाही. मात्र तो हिशेब मालकालाही कळला पाहिजे, कारण एकदा बुंध्यातून गेलेले झाड परत आणता येत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या भागांत झाडांची कामे करवून घेताना मला ठामपणे पटलेली गोष्ट अशी, की लाकूड आणि मजुरी यांचा हिशेब वेगळा केला, की त्याच माणसाचा त्याच झाडाबद्दलचा सल्ला बदलतो. पुढील मार्गदर्शन या एका गोष्टीभोवतीच लिहिले आहे.

कल कोठून येतो

झाड काढण्याचे काम बहुतेक ठिकाणी उक्ते दिले जाते, आणि त्या उक्त्या रकमेत लाकूड कोणाचे, हे कोणी उघडपणे बोलत नाही. कामगार बुंध्याचा घेर पाहतो, वखारीत किंवा वीटभट्टीवर या लाकडाचे काय येईल याचा मनात अंदाज बांधतो आणि तेवढे वजा करून मजुरी सांगतो. झाड मोठे असेल, रस्ता जवळ असेल आणि ट्रॅक्टरची ट्रॉली बुंध्यापर्यंत जात असेल, तर तो मजुरी मागतच नाही. उलट मालकालाच काही रक्कम देऊ करतो. छाटणीत हे सगळे उलटे होते. हाती येतात ते बारीक फाटे आणि पाला, ज्यांना गिऱ्हाईक नसते आणि जे उचलून नेण्यासाठी ट्रॉलीचे भाडे मात्र तेवढेच द्यावे लागते. मालकाला वाटते, झाड तर जागेवरच राहिले, मग मजुरी अर्धीच व्हायला हवी. कामगाराला ठाऊक असते, की या कामाला वेळ दुप्पट लागणार आहे.

वेळ का लागतो, हेही समजून घ्यावे. झाड काढताना माणूस खोडाला धरून उभा राहतो आणि जाड फांद्या बुडापासून मोकळ्या करतो. चांगल्या छाटणीसाठी त्याला फांदीच्या टोकाकडे जावे लागते, जेथे फांदी मनगटाएवढी बारीक होते, पायाखाली हलते आणि दोर बांधायला वर भक्कम आधार शोधावा लागतो. तेथे बसून कोणता फाटा ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे ठरवत जावे लागते. म्हणजे जोखीम, वेळ आणि डोके हे तिन्ही अधिक, आणि मोबदला कमी. शिवाय तोडलेल्या झाडाबद्दल मालक पुन्हा बोलावत नाही. छाटलेल्या झाडाखाली उभे राहून मात्र "अजून थोडे काढा" असे तीनदा म्हणतो, शेजारी आपल्या बाजूची फांदी दाखवतो, आणि पुढच्या वादळात एखादा फाटा पडला तर नाव त्या छाटणाऱ्याचेच घेतले जाते. अशा कामातून सुटण्यासाठी कामगार म्हणाला, "आप्पा, हाई झाड काढीच टाका," तर त्यामागे ही सगळी कटकट असते.

याच्या विरुद्ध कलाचीही माणसे आहेत, आणि ती शोधण्यासारखी आहेत. दोरावर काम करण्याचा ज्यांना खरा सराव आहे, त्यांना छाटणी अधिक आवडते, याचे पहिले कारण जिवाचे आहे. जिवंत झाडाची फांदी किती भार घेईल याचा अंदाज हाताला येतो. वाळलेल्या किंवा कुजलेल्या झाडावर तो येत नाही. मोठे झाड दाट वस्तीत काढायचे असेल तर ते तुकड्यातुकड्यांनी दोरावर उतरवावे लागते, आणि दीड फूट व्यासाचा, सहा फूट लांबीचा एकच ओला ओंडका सुमारे ३०० किलो भरतो. तो दोराला लटकताना बसणारा हिसका पाहिलेला माणूस तोडणीला सोपे काम म्हणत नाही. दुसरे कारण कमाईचे आहे: झाड काढले की त्या अंगणातले काम संपले, आणि नीट छाटले तर दोन-तीन वर्षांनी तोच मालक पुन्हा बोलावतो. धडगाव परिसरात आंब्याच्या कैरीपासून आमचूर करण्याचा व्यवसाय आहे. तेथील कुटुंबे झाडाकडे दरवर्षीचे उत्पन्न म्हणून पाहतात, आणि वाळलेला फाटा काढून झाड राखण्याची रीत घरातच शिकली जाते. मोहाच्या बाबतीतही सातपुड्याच्या पट्ट्यात हाच भाव आहे.

झाडाच्या जातीनुसारही आवड बदलते, आणि हे मालकाने आधीच माहीत करून घेतलेले बरे. बाभळीची छाटणी कोणालाच नको असते, कारण काटे. तीच बाभूळ तोडायला मात्र पुष्कळ जण तयार होतात, कारण तिच्या टणक लाकडाला मागणी आहे. सुबाभूळ सर्वांनाच तोडायची असते, आणि ती तोडली तरी खुंटातून पुन्हा फुटते, त्यामुळे काम परत मिळते. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, लवकर कुजणारे, म्हणून सरावलेला माणूस त्याच्यावर चढण्यास नाखूश असतो आणि त्याचे म्हणणे ऐकावे. रस्त्याकडेच्या रेन ट्रीचा पसारा एवढा असतो, की त्याची नीट छाटणी म्हणजे अनेक माणसांचे दिवसभराचे काम. वड, पिंपळ आणि उंबर यांच्याबाबत अनेक कामगार समूळ तोडणीस नकार देतात किंवा पहिला घाव मालकाने घालावा असा आग्रह धरतात; छाटणी मात्र करतात. ही श्रद्धा झाडाच्या फायद्याचीच आहे. तिचा मान राखावा आणि नकार देणाऱ्याला जादा पैशांचे आमिष दाखवू नये.

पहिल्या भेटीत काय पाहावे

भाव विचारण्याआधी त्या माणसाला झाडाजवळ मोकळे सोडावे आणि तो काय करतो ते पाहावे. ज्याच्या मनात लाकूड आहे तो सरळ बुंध्याकडे जातो, कवेत घेऊन घेर पाहतो, मग ट्रॉली कोठून येईल ते पाहतो. ज्याच्या मनात झाड आहे तो आधी लांब उभा राहून शेंडा बघतो, मग झाडाला पूर्ण फेरी घालतो, बुंध्यापाशी माती पायाने दाबून पाहतो, साल ठोकतो आणि फांद्यांची बेचकी निरखतो. यात अपवाद असतील. तरीही वाणीपेक्षा ही हालचाल अधिक खरे सांगते, असे मला वाटते.

त्यानंतर प्रश्न नेमके विचारावेत. "काढावे की ठेवावे?" असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तर कलानुसारच येईल. त्याऐवजी, "छपरावरची ही फांदी काढायची तर कोठून काढाल?" असे विचारावे आणि त्याला बोटाने दाखवायला सांगावे. छाटणी जाणणारा माणूस एखाद्या जिवंत उपफांदीपर्यंत मागे येतो आणि "येथून काढली तर ही पुढे वाढेल" असे सांगतो. न जाणणारा हवेत आडवा हात फिरवून "येथून सपाट" म्हणतो. हा सपाट शेंडा मारणे, म्हणजे झाड बोडके करणे, हा तोडणी आणि छाटणी या दोहोंच्या मधला सर्वांत वाईट मार्ग आहे. लोकांना तो स्वस्त आणि सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात बोडक्या खुंटांच्या टोकाला धुमाऱ्यांचे झुबके फुटतात, ते सालीलगतच्या वरवरच्या भागातून निघालेले असल्याने त्यांची पकड कच्ची असते, आतील खुंट कुजू लागतो, आणि चार-पाच वर्षांत पूर्वीइतकाच उंच पण पूर्वीपेक्षा धोकादायक पसारा तयार होतो. पहिल्या भेटीत कोणी हे सुचवले, तर त्याला छाटणीचे काम देऊ नये. तोडणीचे काम तो कदाचित उत्तम करत असेल, आणि ते निघाल्यास त्यालाच बोलवावे.

झाडाची स्थिती स्वतः तपासा

कामगाराचा कल कळला तरी झाड खरोखरच धोकादायक असू शकते, म्हणून मालकाला थोडी तपासणी स्वतः करता आली पाहिजे. झाड अचानक कलले असेल आणि कलाच्या उलट बाजूला जमिनीला भेगा पडल्या किंवा मुळे उचलली गेली असतील, तर वाट पाहू नये. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून मऊ होते. त्यातच गटार, पाइपलाइन किंवा रस्त्याच्या काँक्रिटीकरणासाठी एका बाजूची मुळे तोडली गेली असतील, तर जूनच्या पहिल्या वादळात हिरवेगार झाडही मुळासकट आडवे होते. म्हणून गेल्या तीन-चार वर्षांत बुंध्याजवळ कोणते खोदकाम झाले, हे आठवणे पानांच्या रंगाकडे पाहण्यापेक्षा उपयोगी ठरते. बुंध्याच्या बुडाशी फळीसारखी कडक अळिंबी उगवलेली दिसली, तर मुळाशी कूज आहे असे समजावे.

ढोली दिसली की झाड काढलेच पाहिजे, हा समज मात्र खरा नाही, आणि तोडणीकडे कल असलेला माणूस नेमका हाच मुद्दा पुढे करतो. झाडाचा भार मुख्यतः बाहेरच्या निरोगी लाकडावर असतो. ढोबळ नियम असा, की खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांश जाडीची निरोगी भिंत सर्व बाजूंनी शिल्लक असेल, तर पोकळ खोडही सहसा टिकते. म्हणजे दोन फूट व्यासाच्या निंबाची भिंत चार इंच भक्कम असावी. लाकडी हातोडीने खोड सर्व बाजूंनी ठोकून पाहावे, पोकळ आवाज कोठून कोठपर्यंत येतो त्या रेषेवर खडूने खूण करावी, आणि ढोलीत लोखंडी सळई घालून खोली मोजावी. ढोलीच्या तोंडाशी खोड उभे चिरले असेल, तर हा नियम लागू करू नये. ढोल्यांत पोपट, पिंगळे राहतात, हेही सळई घालण्यापूर्वी पाहून घ्यावे. ढोलीत सिमेंट भरणे टाळावे. वाऱ्यात झाड हलते, सिमेंट हलत नाही, आणि दोहोंच्या मध्ये पाणी साचून कूज वाढते.

परवानगी

जळगाव, धुळे यांसारख्या महानगरपालिकांच्या आणि भुसावळ, अमळनेर, नंदुरबार यांसारख्या नगरपरिषदांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. स्वतःच्या अंगणातले झाड असले, तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते, त्यामुळे "तोडले नाही, फक्त शेंडा मारला" हा बचाव भक्कम नाही. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षांचा दर्जा दिला आणि भरपाईच्या लागवडीची संख्या तोडायच्या झाडाच्या वयाशी जोडली. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील झाडांना परवानगी लागते. त्यात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर आणि आपल्या सातपुडा-पायथ्याचा अंजन यांचा समावेश आहे. "परवानगीचे आम्ही बघतो" असे कामगार म्हणाला, तरी अर्ज मालकाच्या नावाने आणि मालकाच्या हातानेच जावा. वाहतुकीत लाकूड अडवले गेले तर पहिला प्रश्न झाड कोणाच्या जागेतले, हाच असतो.

व्यवहार असा ठरवावा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कामगाराशी बोलताना पहिले वाक्य लाकडाबद्दलचे असावे: "लाकूड आमचे राहील, तुम्ही मजुरीच सांगा." एवढ्यानेच तोडणीचा भाव वर जातो, छाटणीचा तेवढाच राहतो, आणि दोहोंतील अंतर कमी झाल्यावर तो झाडाकडे पुन्हा एकदा पाहतो. लाकूड त्यालाच द्यायचे असेल तर द्यावे, परंतु मजुरी ठरल्यानंतर आणि वेगळा भाव लावून. छाटणीचे काम उक्ते न देता रोजंदारीवर द्यावे. उक्त्या कामात लवकर संपवण्यातच फायदा असतो, आणि लवकर संपवायचे तर मोठ्या फांद्या बुडातून काढणे हाच सोपा मार्ग उरतो. रोजावर काम असले की तो टोकाकडे जायला घाई करत नाही. दोन माणसे वर आणि एक खाली, असा रोज धरावा. खालच्या माणसाचा रोज वाचवू नये, कारण दोर तोच सांभाळतो. फाटे आणि पाला उचलण्याचे भाडे मजुरीत मिसळू नये, वेगळे द्यावे. पाला कुजवण्यासाठी ठेवून घेतला तर ते भाडेही वाचते.

काय काढायचे हे तोंडी सांगून थांबू नये. झाडाचा मोबाइलवर फोटो काढून त्यावर रेघा मारून दाखवाव्यात, आणि हात पोहोचतो तेथे गेरूने खूण करावी. एका वर्षात जिवंत पसाऱ्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक भाग काढू नये. जुन्या झाडाचा त्याहूनही कमी. चार इंचांपेक्षा जाड फांदी काढण्याआधी तिला टोकाकडून आखूड करून चालेल का, हे विचारावे. फांदी आखूड करताना ज्या उपफांदीपर्यंत मागे यायचे, ती काढल्या जाणाऱ्या फांदीच्या किमान एक तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे पुढची वाढ ती पेलू शकते. आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येक मालकाने आठवणीने सांगावी: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ज्या आडव्या फांदीला झोका बांधला जातो, ती खालची असल्याने कामगार सर्वांत आधी तीच मोकळी करतो. ती ठेवायची असेल तर तिला चिंधी बांधून ठेवावी, आणि ठेवायचीच आहे तर तिच्या बेचक्यात चीर नाही ना, हेही त्याच माणसाकडून पाहून घ्यावे.

काप कसा घेतला जातो, ते खाली उभे राहून पाहावे

एका मध्यम जाडीच्या फांदीचा काप समोर उभे राहून पाहिला, तर कामगाराची पारख पूर्ण होते. फांदी खोडाला मिळते तेथे तिच्या बुडाशी फुगीर कडे दिसते. निंबावर ते सालीच्या सुरकुत्यांमुळे सहज ओळखू येते. जखम भरून घेणारी वाढ या कड्यातून येते, म्हणून ते शाबूत राहिले पाहिजे. पहिला काप खोडापासून फूटभर पुढे, खालच्या बाजूने, फांदीच्या सुमारे एक तृतीयांश खोलीपर्यंत घ्यावा. दुसरा काप वरून, पहिल्याच्या दोन-तीन इंच पुढे. येथे फांदी स्वतःच्या भाराने मोडते आणि खालच्या कापापाशी थांबते, त्यामुळे खोडाची साल ओरबाडून खाली येत नाही. उरलेला खुंट हातात धरता येईल एवढा हलका असतो. तो तिसऱ्या कापाने कड्याच्या लगेच बाहेरून काढावा. कडे कापून खोडाशी सपाट केले तर जखम मोठी होते, आणि वीतभर खुंट ठेवला तर तो वाळून कूज आत नेतो. घाईत असलेला माणूस पहिला काप गाळतो, आणि मग फांदीबरोबर सालीचा दोन-तीन फुटांचा पट्टा सोलून निघतो. असा एक पट्टा निघाला, की काम थांबवून पुढचे काप आपल्यासमोर घ्यायला सांगावेत.

जिवंत झाडावर चढण्यासाठी कुऱ्हाडीने खाचा पाडू देऊ नयेत. झाड काढायचे असेल तर हरकत नाही. राखायच्या झाडासाठी शिडी आणि दोर वापरावा. जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासण्याने कूज थांबत नाही, ते करू नये. फळबागेत छाटणीनंतर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावण्याची शिफारस असते, तो बागायतीचा वेगळा विषय आहे. छाटणीमुळे एकदम उन्हात आलेल्या खोडाच्या भागावर चुन्याचा हात मात्र द्यावा, कारण आपल्या उन्हात सावलीत वाढलेली साल भाजते आणि तडकते.

केव्हा करावे

निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो आणि लगेच नवी पालवी घेतो. त्याच्या थोडे आधी, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत, बहुतेक सावलीच्या झाडांची छाटणी करावी. फांद्यांचा सांगाडा स्पष्ट दिसतो, ऊन सहन होण्यासारखे असते आणि पुढे नवी पाने येऊन उघडी साल झाकतात. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर करावी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सावली काढून घेणे झाडाला आणि घराला दोघांनाही जड जाते. दुर्दैवाने सर्वाधिक कामे नेमकी मे महिन्याच्या शेवटी, रावेर-यावलकडे केळी आडवी पाडणारी वादळे सुरू झाल्यावर निघतात. त्या दिवसांत मागणी एकदम वाढते, चांगली माणसे मिळत नाहीत, आणि जे मिळतात त्यांच्याकडे टोकापर्यंत जाण्याइतका वेळ नसतो. वाळलेली किंवा मोडकी फांदी मात्र कोणत्याही महिन्यात काढावी. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात बगळ्यांची व इतर पक्ष्यांची घरटी असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ बहुतेक रानपक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना संरक्षण देतो, म्हणून पिले उडेपर्यंत थांबावे.

कामगाराच्या जिवाची काळजी हा मालकाच्याच कामाचा भाग आहे

चढण्याआधी दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने शेंड्यापर्यंत आग्या मोहोळ आहे का ते पाहावे. पन्नास फुटांवर दोराला बांधलेल्या माणसावर आग्या माश्या उठल्या, तर त्याला पळायला जागा नसते. मोहोळ असल्यास ते हलवण्याचे काम जाणणाऱ्याकडून आधी करून घ्यावे, छाटणीवाल्याला "धूर करून बघा" असे सांगू नये. विजेची तार दहा फुटांच्या आत असेल तर महावितरणच्या स्थानिक कार्यालयात अर्ज देऊन वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय कोणालाही वर जाऊ देऊ नये. ओल्या फांदीतून वीज उतरते, तारेला हात लागलाच पाहिजे असे नाही. हेल्मेट, कमरेचा सुरक्षा पट्टा आणि नायलॉनचा सुस्थितीतला दोर त्याच्याकडे नसेल, तर भाड्याने आणून द्यावा. झाडावर एका हाताने चेनसॉ चालवणारा माणूस कितीही तरबेज दिसला, तरी त्याला खाली बोलवावे. खाली झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत मुले आणि गुरे येऊ देऊ नयेत.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते, वयाची अट १८ ते ७० वर्षे आहे, आणि बँक खाते असले की नोंदणी होते. झाडावर चढणाऱ्या प्रत्येकाचे हे झाले आहे का, हे काम देण्यापूर्वी विचारावे आणि झाले नसेल तर बँकेत सोबत जावे. या चौकशीमुळे माणसे नाराज होतील, असे वाटते. माझा अनुभव असा, की ज्याच्या जिवाची विचारपूस केली, तो झाडाबद्दलही मोकळेपणाने बोलू लागतो, अगदी "हे काम माझ्याने होणार नाही" हेही सांगतो.

झाड काढण्याची वेळ आलीच, तर

तपासणीतून झाड काढणेच योग्य ठरले, तर मात्र रेंगाळू नये आणि तोडणीत सरावलेल्या माणसालाच बोलवावे. येथे त्याचा कल आणि आपली गरज एकच असते. मोकळ्या शेतात झाड एका बाजूला पाडता येते. गावात आणि सोसायटीत ते शेंड्याकडून तुकड्यांनीच उतरवावे, आणि प्रत्येक ओंडका किती लांबीचा असेल हे आधी ठरवून घ्यावे, कारण लांब ओंडक्याला वखारीत भाव चांगला येतो म्हणून तो लांब ठेवण्याचा मोह होतो आणि दोरावरचा भार वाढतो. वाळलेल्या झाडाची मजुरी हिरव्यापेक्षा अधिक मागितली, तर ती रास्त समजावी. खुंट जमिनीलगत कापायचा की मुळासकट उपटायचा, हे भावातच ठरवावे. घराच्या पायाशेजारी जेसीबीने खुंट उपटू नये, जमिनीलगत कापून कुजू द्यावा.

त्या जागेजवळ नवे झाड लावताना भिंतीपासून निंबासाठी किमान पंधरा फूट अंतर ठेवावे. पहिल्या पाच-सात वर्षांत एकच मुख्य शेंडा राखणे, दुहेरी बेचके वेळीच मोडणे आणि अंगठ्याएवढे फाटे कात्रीने काढणे, ही छाटणीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक कामे आहेत, आणि त्यांना झाडावर चढावे लागत नाही. ती त्याच कामगाराकडे दर फेब्रुवारीत अर्ध्या दिवसाच्या ठरलेल्या रोजावर सोपवावीत, आणि पहिल्या वर्षीचा रोज झाड लावले त्याच दिवशी त्याच्या हाती आगाऊ द्यावा.